आप्पा, पुढच्या वेळी तुम्ही दोघं इस्तंबूलला चलाच

ती. आप्पा आणि आई,
सा. न. वि. वि.

व्हॉट्सॅपवर टाकलेले फोटो बघितलेच असतील, पण फोटोत काय कळणार, म्हणून पोरं झोपल्यावर नीट लिहायला बसले. आम्ही परत इस्तंबूललाच आलोय. यांच्या ऑफिसातले लोक विचारतात की सारखं तेच गाव काय, पण खरं सांगू का, जर्मनीत एवढी वर्षं राहूनही जो मोकळेपणा वाटत नाही तो इथं पाय ठेवला की वाटतो. लोक मोठ्यानं बोलतात, धाकटीचे गाल ओढतात, दुकानदार आधी बसा म्हणतो, चहा मागवतो, मग बाकीचं. चहा बिनदुधाचा असतो बरं का आई, छोट्या कंबरेच्या काचेच्या ग्लासात, तुला पहिल्या दिवशी नाही आवडणार, दुसऱ्या दिवशी तूच मागशील.

आप्पा, तुमच्यासाठी तर हे गाव म्हणजे खजिना आहे. सिर्केजी नावाचं स्टेशन आहे, 1890 चं, ओरिएंट एक्सप्रेस पॅरिसहून निघून इथं यायची. गोल खिडक्यांना रंगीत काचा आहेत, सकाळचं ऊन आत आलं की फरशीवर लाल-निळे ठिपके पडतात, आणि थोरला त्या ठिपक्यांवर उड्या मारत होता. शेजारीच छोटंसं रेल्वे म्युझियम आहे, त्यात जुन्या लोकलची ड्रायव्हर केबिन ठेवलीय, ती बघून तो म्हणाला आजोबांना व्हिडिओ कॉल लाव, पण तिकडे तुमची दुपारी झोपायची वेळ झाली होती म्हणून नाही लावला. तुमचं अख्खं आयुष्य भुसावळच्या लोको शेडमध्ये गेलं, तुम्ही त्या केबिनसमोर उभं राहून काय काय सांगाल ते मला ऐकायचंय.

आणि त्याच स्टेशनखालून आता मार्मराय जाते. म्हणजे गाडी समुद्राखालून युरोपातून आशियात जाते, 2013 ला सुरू झाली. समुद्राखालचा भाग बोगदा खोदून नाही केलेला, मोठमोठ्या काँक्रीटच्या पेट्या पाण्यात सोडून तळाशी एकमेकींना जोडल्यात, सगळ्यात खोल जागी 60 मीटर. काम चालू असताना इथल्याच येनिकापी भागात जुनं बंदर सापडलं, त्यात बायझंटाईन काळाची 37 जहाजं, मग ती काढेपर्यंत काम कितीतरी वर्षं लांबलं. आम्ही बसलो तर चार मिनिटांत पलीकडे, बाहेर अंधार सोडून काही दिसत नाही, पण वर जहाजं चाललीत आणि आपण खाली, हा विचार करून माझ्या अंगावर काटा आला. तुनेल म्हणून एक छोटी चढावरची गाडी आहे ती 1875 ची आहे, लंडनच्या भुयारी रेल्वेनंतर जगात तिचाच नंबर. दीड मिनिटाचा प्रवास, पोरांनी परत परत करायला लावला.

येताना मात्र आम्ही बोटीनं आलो. आयासोफिया मशीद वगैरे सगळे बघतातच, आम्हीही बघितलं, सन 537 मध्ये बांधलेली घुमटाची इमारत आहे, खाली नमाज होते म्हणून टुरिस्टांना तिकीट काढून वरच्या गॅलरीत सोडतात. भव्य आहे यात वादच नाही. पण मला विचाराल तर आशियाच्या बाजूच्या काडिकॉयहून सुटणारी साधी फेरीबोट, ऑफिसला जाणाऱ्या लोकांची, तिच्यात बाहेरच्या बाकावर बसायचं, एक चहा, एक सिमित म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, आणि मागून सीगल पक्षी येत राहतात, लोक तुकडे फेकतात तर ते हवेतच झेलतात. आपल्या तापीला पूर आला की आपण पुलावर बघायला जायचो ना, इथं एवढं पाणी रोज गावाच्या मधून वाहतंय आणि लोक त्याच्यावरून भाजी घेऊन घरी चाललेत.

आई, आता तुझं. काडिकॉयच्या बाजारात एका छोट्या खानावळीत शिरलो, तिथं एक मावशी निखाऱ्यावर वांगी भाजत होती. काळीभोर झालेली साल बोटांनी सोलून, देठ धरून, आतला गर सुरीनं बारीक करत होती, वर लसूण, लिंबू, ऑलिव्ह ऑइल, मीठ. माय वो, तो धुराचा वास! पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेलं आपलं भरीत डोळ्यासमोर आलं, आणि हे माझ्याकडे बघून हसायलाच लागले, कारण मी ताट समोर यायच्या आधीच हिरवी मिरची मागितली. बडगीत ठेचलेल्या बामणोदच्या वांग्यांची सर याला नाही, ते कुठेच नाही, कांद्याची पात नाही, शेंगदाणे नाहीत, पण जर्मनीत एवढ्या वर्षांत असं जिभेला लागलं नव्हतं. सोबत मसुराचं सूप, वरून तिखट आणि पुदिना. आपल्यासारख्या शाकाहारी माणसाचे इथं अजिबात हाल होत नाहीत, ती काळजी सोड.

गुडघ्याचं म्हणशील तर गाव चढउताराचं आहे हे खरं, पण सिर्केजी, एमिनोनू, सुलतानअहमत सगळीकडे एकच ट्राम जाते, आपण त्या लाइनवरच हॉटेल घेऊ. मे महिन्यात तिकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा इथं संध्याकाळी शाल लागते. आमच्याकडे यायला शेंगेन व्हिसा काढावाच लागतो, आणि तो असला की तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइनच काढता येतो, ते सगळं जावई बघतील, तुम्ही फक्त हो म्हणा. दरवेळी घर कोण बघेल, बागेला पाणी कोण देईल हे ऐकून मी गप्प बसते, यावेळी नाही बसणार. काकांशी मी बोललेय, त्यांचं हो आहे.

आप्पा, कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढा, कधी संपतायत ते बघा आणि पहिल्या पानाचा फोटो उद्या सकाळीच पाठवा.

तुमची,
माई