एम-1 कार्बाइन म्हणजे छोटी गॅरंड नव्हे

महोदय,

जुन्या लष्करी हत्यारांवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात अमेरिकी एम-1 कार्बाइनला (आखूड, हलक्या बंदुकीला) गॅरंड या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पायदळाच्या नेहमीच्या रायफलीची छोटी आवृत्ती म्हटले आहे. वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणींमुळे खान्देशातल्या पुष्कळ घरांना काडतुसांची माहिती आहे. तिथे ही चूक लगेच खटकेल. दोन्हींचा बोअर (नळीचा आतला व्यास) .30 इंचाचा, पण काडतुसे निराळी. गॅरंडचे काडतूस कार्बाइनमध्ये बसतच नाही.

1941 मध्ये ही कार्बाइन स्वीकारली गेली ती मुख्यतः पिस्तुलाला पर्याय म्हणून. ट्रकचालक, तोफखान्यावरचे आणि बिनतारी सांभाळणारे जवान यांचे दोन्ही हात कामात गुंतलेले, आणि पिस्तुलाने नेम साधायला भरपूर सराव लागतो. त्यांना रिकामी असताना जेमतेम 2.4 किलोची, 15 काडतुसांच्या मॅगझिनची ही बंदूक मिळाली, गॅरंड 4.3 किलोची. गोळी 110 ग्रेनची (सुमारे 7 ग्रॅम), वेग सेकंदाला सुमारे 600 मीटर, ऊर्जा गॅरंडच्या गोळीच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक. म्हणून धक्का सौम्य, आणि म्हणूनच कोरियात ‘गोळी लागूनही शत्रू थांबत नाही’ अशा तक्रारी झाल्या. रायफलीचे काम तिच्याकडून मागितले गेले, हे त्यामागचे मोठे कारण.

आजही जाणकार तिच्यावर लुब्ध आहेत ते वजनाइतकेच तिच्या रचनेमुळे. नळीखालचा छोटा पिस्टन गॅसच्या दाबाने काही मिलिमीटरच सरकतो आणि स्लाइडला, म्हणजे बंदूक पुन्हा भरणाऱ्या सरकत्या भागाला, ठोसा देतो. पुढचे काम स्लाइडची गती करते. हा पिस्टन जवानाने खोलायचा नाही, असा दंडक होता. मग आतली काजळी पुसणार कोण? उत्तर काडतुसात होते: गंज न आणणारा प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी) पहिल्यापासून वापरला गेला. त्याच काळात गॅरंडच्या बहुतेक काडतुसांत गंज आणणारा प्रायमर असे. दारूगोळा बनवणाऱ्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

दोष होतेच. मॅगझिन पातळ पत्र्याचे. त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, वाकले की काडतूस तिरके चढून अडकते. म्हणून बंदूक अडली की आधी मॅगझिन बदलून पाहायचे, मग स्लाइडला परत पुढे ढकलणाऱ्या, थकलेल्या रिकॉइल स्प्रिंगकडे वळायचे. नेम भरकटत असेल तर लाकडी दस्त्यात बंदुकीची मागची बाजू धरून ठेवणारी रिकॉइल प्लेट तपासायची. नळी दस्त्याला बांधणारी पुढची पट्टी काढल्यावर नळी दस्त्यापासून किंचित वर उचललेली राहिली पाहिजे, दाबल्यावरच खाली बसली पाहिजे. सैल पडून राहत असेल तर बैठक बिघडली आहे.

शेवटी त्या लेखातल्या छायाचित्राबद्दल. चित्राखालच्या ओळीत ‘नॉर्मंडी, जून 1944’ लिहिले आहे, पण चित्रातल्या कार्बाइनच्या पट्टीला संगीन अडकवण्याची खूंट दिसते. ती युद्धाच्या अगदी अखेरीस आली. युद्धानंतर शस्त्रागारांनी जुन्या कार्बाइन दुरुस्त करताना हीच पट्टी, फिरवता येणारी मागची माशी आणि दाबायच्या बटणाऐवजी खटक्याची सेफ्टी बसवली. चित्रातली बंदूक अशीच नंतर सुधारलेली दिसते; ओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

— एक वाचक, वरणगाव (जि. जळगाव)