वॉचमनच्या हातात शिट्टी, पण पावतीपुस्तक कुणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उद्यानांत शिस्त उरलेली नाही, नियम कडक करा, अशी पत्रे या सदरात अधूनमधून येतात. मला उलट वाटते. नियम हवे त्याहून जास्त आहेत. आमच्या भागातल्या उद्यानाच्या फाटकावरची पाटी कुणी सवडीने वाचून पाहावी. फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, चेंडू खेळू नये, कुत्री आणू नयेत, बाहेरचे खाऊ नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, लग्नाआधीचे फोटोशूट करू नये, 'अश्लील चाळे' करू नयेत. आणि तळाला 'आदेशावरून'. आदेश कुणाचा, कोणत्या कायद्याखाली, मोडला तर दंड किती आणि तो घेणार कोण, यातले अवाक्षर नाही.

ही पाटी राखायला असतो तो ठेकेदाराचा वॉचमन. तो महापालिकेचा नोकर नाही. दंड करण्याचा अधिकार त्याला नाही, पावतीपुस्तक नाही, ओळखपत्रही धड नसते. एक शिट्टी असते, आणि ती जिथे उलट उत्तर मिळणार नाही तिथे वाजते. दुपारच्या उन्हातून येऊन झाडाखाली पाठ टेकलेला डिलिव्हरीवाला, बाकावर बसलेले मुलगा-मुलगी, प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन आलेली सहावी-सातवीतली पोरे. त्याच उद्यानात कुणा भाऊंच्या वाढदिवसाला मोटारसायकली थेट कारंज्यापर्यंत येतात, स्पीकर लागतो, केक तोंडाला कमी आणि फरशीला जास्त फासला जातो, तेव्हा शिट्टी खिशात. मी वॉचमनला दोष देत नाही. त्याने भाऊंना हटकले तर दुसऱ्या दिवशी त्याची बदली होईल, ठेकेदार दुसरा माणूस उभा करील. माझा प्रश्न त्याला तिथे असे निःशस्त्र उभे करणाऱ्यांना आहे.

कायद्याने हे काम कुणाचे, याबद्दल संदिग्धता नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा, क्रीडांगणे यांची सोय हा विषय नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत नोंदलेला आहे. 1949 च्या महापालिका अधिनियमाने उपविधी, म्हणजे शहरापुरते स्थानिक नियम, करण्याचा अधिकार महापालिकेला दिला, पण त्यांना राज्य शासनाची मंजुरी लागते. म्हणजे कार्यालयात बसून कुणी मजकूर लिहिला आणि रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली, एवढ्याने नियमाला दात येत नाहीत. आपल्या पाट्यांवरचे कोणते नियम उपविधीच्या वाटेने आले आणि कोणते नुसते रंगवून घेतले, ते महापालिकेने एकदा जाहीर करावे. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकच होते. त्या काळात महासभेत उभे राहून 'हा नियम कशाला?' असे विचारायला कुणी नव्हते. लोकनियुक्त सभागृहाने निदान आता तरी विचारावे.

पाटीची छाननी केली तर तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या दिसतात. काही गोष्टींना खरोखर कायद्याचे पाठबळ आहे. कचरा टाकण्यासाठी जागेवरच दंड करण्याची तरतूद उपविधींत करा, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितले होते. झाडे तोडण्यासाठी 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. स्पीकरसाठी 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 355 आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या संहितेत 24 तासांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड यांच्याबरोबर समाजसेवेची शिक्षाही आहे. (कोपऱ्यातल्या अंधारात बाटल्या फोडणाऱ्याला त्याच उद्यानात पालापाचोळा गोळा करायला लावायचे, हे एखाद्या न्यायाधीशांनी मनावर घ्यावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.) उरलेले नियम, म्हणजे हिरवळीवर बसू नका, चेंडू आणू नका, हे फार तर विनंतीत मोडतात. विनंती आणि गुन्हा एकाच लाल अक्षरांत लिहिल्यावर लोक दोन्हीकडे सारखेच दुर्लक्ष करतात.

'अश्लील चाळे' या दोन शब्दांविषयी थोडे अधिक लिहायला हवे. मुंबई पोलीस अधिनियम, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे कलम 110 सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दल आहे. '110 ची केस करीन' ही धमकी कॉलेजातल्या मुलांना पाठ असते. शेजारी बसणे, हात हातात घेणे हा गुन्हा नाही. तरी उद्यानात सर्वांत कडक अंमलबजावणी होते ती याच बाबतीत, कारण ही मुले घरी कळेल या भीतीने काहीही निमूट ऐकून घेतात, किंवा खिशातले देऊन मोकळी होतात. संध्याकाळी एकटी चालायला जाणारी बाई म्हणून सांगते, मला भीती त्या जोडप्यांची वाटत नाही. उलट ती बाकावर असली की ट्रॅकच्या मागच्या बाजूलाही जावेसे वाटते. ती उठवली गेली की तिथे बसतात ते वेगळेच लोक.

मग दंड करायला खास माणसे नेमावीत का? मुंबईने हा प्रयोग केला आहे. 2007 मध्ये तिथे 'क्लीन अप मार्शल' आले. ठेकेदारांची माणसे, दंडाच्या रकमेत ठेकेदाराचा वाटा. माणसे अडवून पैसे उकळल्याच्या, हुज्जत घातल्याच्या तक्रारी होत राहिल्या, योजना बंद पडली, पुन्हा आली. एप्रिल 2024 मध्ये ती नव्याने सुरू झाली तेव्हाही निम्मी रक्कम ठेकेदाराची होती. वर्षभराने, एप्रिल 2025 मध्ये महापालिकेने तीही गुंडाळली. ज्याचे पोट दंडावर चालते तो स्वच्छता कशाला वाढू देईल? तेव्हा दंड करणारा महापालिकेचाच कर्मचारी हवा, त्याचा पगार पावत्यांवर ठरता कामा नये, आणि प्रत्येक पावतीवर नियमाचा क्रमांक हवा. हेच काम उद्यान निरीक्षकाला द्या. एका निरीक्षकाकडे अनेक उद्याने असली तरी हरकत नाही. तो कोणत्या संध्याकाळी कुठे येईल हे लोकांना ठाऊक नसले म्हणजे झाले.

दुसरे उदाहरणही मुंबईचेच, पण शहाणपणाचे. दादरचे शिवाजी पार्क 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र ठरले. खेळाव्यतिरिक्त इतर कार्यक्रमांसाठी ते मैदान वर्षातून किती दिवस देता येईल याची मर्यादा पुढे लेखी ठरली, 45 दिवस. हा आकडा जास्त आहे की कमी, यावर रहिवासी आणि राजकीय पक्ष यांचे कधी एकमत होणार नाही. पण आकडा आहे, म्हणून वाद घालता येतो. 2022 च्या दसरा मेळाव्याला महापालिकेने शिवसेनेच्या दोन्ही गटांना परवानगी नाकारली, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने कागद पाहून निर्णय दिला. आपल्याकडे उद्यानातला कार्यक्रम कोणत्या अर्जावर, किती भाडे घेऊन, कुणाच्या सहीने होतो हे विचारायला गेले तर एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवते. 'यंदा इतके दिवस दिले, इतके उरले' एवढी एक ओळ फाटकावर लिहिली तरी भाऊंच्या कार्यकर्त्यांशी वॉचमनला तोंड वाजवावे लागणार नाही. पाटी बोलेल.

कुत्र्यांचा आणि कबुतरांचा विषय काढला की भांडणच होते, म्हणून थोडक्यात. पाळीव कुत्रा साखळीत असावा आणि त्याची घाण मालकाने उचलावी, यात वाद नाही. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी प्रभागवार जागा ठरवाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितले, आणि अशी जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून दूर असावी हे 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतच आहे. ती जागा आखून द्यायची सोडून 'खाऊ घालू नये' एवढेच रंगवले तर रोज पोळ्या घेऊन येणाऱ्या आजी घसरगुंडीच्या मागेच उभ्या राहणार. बंदी घालताना पर्याय दिला नाही तर काय होते ते दादरच्या कबुतरखान्यावर त्याच महिन्यात सर्वांनी पाहिले. कबुतरांना दाणे घालणे थांबवण्यासाठी महापालिकेने लावलेली ताडपत्री जमावाने फाडून काढली.

आता वेळेबद्दल, कारण मला हाच सर्वांत मोठा अन्याय वाटतो. सकाळी काही तास, संध्याकाळी काही तास, दुपारभर कुलूप. माझ्या मते हे कुलूप अंमलबजावणीच्या आळसातून आलेले आहे. लक्ष ठेवण्यापेक्षा बंद ठेवणे स्वस्त पडते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात राहणाऱ्या बाईने तान्ह्या मुलाला घेऊन कुठे बसावे? ज्या तासांत सावलीची खरी गरज असते नेमक्या त्याच तासांत करदात्यांच्या पैशाची सावली कुलूपबंद. तीच गोष्ट रात्रीची. लोकलने किंवा बसने साडेसातला घरी पोचणाऱ्या नोकरदार बाईने आठच्या आत उद्यानात पोचायचे कसे? मागे एका वाचकाने तिकीट लावण्याची सूचना केली होती. तिकिटाने गर्दी कमी होईल, पण नेमकी कुणाची, हेही पाहावे.

चेंडूचेही तसेच. दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असे केंद्राची 2014 ची नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्या कोणत्या प्रभागात ती आहे? मैदाने पार्किंगला आणि मंडपांना गेली, म्हणून मुले उद्यानात येतात. त्यांना हाकलण्याऐवजी एक कोपरा आणि चार ते सहा ही वेळ द्या, मऊ चेंडूची अट घाला. बंदीपेक्षा वेळापत्रक पाळून घेणे सोपे असते. सहा वाजले की ज्येष्ठ नागरिकच मुलांना घड्याळ दाखवतील, त्यासाठी माणूस नेमायला नको.

माझी मागणी आयुक्तांकडे आणि आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांकडे एवढीच आहे. पाटी नव्याने करा. दंड होऊ शकेल असे पाच-सहा नियम वर, प्रत्येकापुढे कायदा आणि रक्कम. खाली विनंत्या, विनंतीच्या भाषेत. त्याखाली निरीक्षकाचे पद आणि कार्यालयाचा दूरध्वनी, जो उचलला जाईल असा. मागच्या महिन्यात किती पावत्या फाडल्या तो आकडा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खडूने लिहा, शून्य असला तरी लिहा. याला नवा निधी लागत नाही. दुपारी उघडे ठेवायला आणि रात्री दहापर्यंत दिवे लावायला मात्र लागेल, म्हणून येत्या अंदाजपत्रकात उद्यान विभागाच्या नव्या कारंज्यांची आणि सेल्फी पॉइंटची तरतूद त्याकडे वळवावी.

आपली,
एक नियमित वाचक