झेब्र्यांच्या टाकीसमोर स्टूल टाकून बसलेल्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पासबुकाची झेरॉक्स काढायला सांगलीत विश्रामबागला माझ्या दुकानात आलात आणि काउंटरशेजारच्या टाकीपाशी अडकलात, ते तुम्ही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

गणपतीत मी चार झेब्रा सिक्लिड, म्हणजे काळ्या पट्ट्यांचे मासे, आणले होते, जेमतेम इंचभर. विकणाऱ्यानं 'दोन जोड्या' म्हणून जोडीचा भाव लावला. एवढ्याशा पिल्लांत नर-मादी ओळखणं जाणकारालाही धड जमत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पैसे देऊन दोन महिने झाले होते!

तोवर टाकीत नुसती मारामारी. झेरॉक्सला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक सल्ला देऊन जायचं. "मोठा त्याला मारून टाकील बघा." मग मी जाळी घालून एकाला बादलीत काढायचो, संध्याकाळी परत सोडायचो, दगड इकडचे तिकडे करायचो. तुम्ही आलात तेव्हाही जाळी हातातच होती. "ती ठेवा आधी खाली," म्हणालात आणि प्लॅस्टिकचं स्टूल ओढून बसलात. चाळीस मिनिटं. बायकोला वाटलं, काकांना चक्कर आली की काय. ती पाणी घेऊन आली तर तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत.

त्या चाळीस मिनिटांत मी पहिल्यांदा माझे मासे पाहिले. दोघं अंगाला अंग लावून उभे राहिले, पंख ताणले, अंगावरचे पट्टे शाईसारखे काळे झाले. एकानं शेपटीचा असा फटका मारला की दुसरा पाण्याच्या धक्क्यानंच हलला. मग जबड्यात जबडा अडकवून दोघंही मागेपुढे. माझा हात आपसूक जाळीकडं गेला. तुम्ही म्हणालात, "थांबा, सुटल्यावर काय करतात ते बघा." सुटले आणि शेजारी शेजारी जाऊन वाळू उकरायला लागले. तेव्हा तुम्ही कोपऱ्यात हीटरमागं दडलेल्या दोघांकडं बोट दाखवलंत. पट्टे फिके, पंख मिटलेले, शेपटीची कड कुरतडलेली. "मार खातायत ते हे. त्या दोघांचं चाललंय ते एकमेकांना जोखणं आहे. हरलेला असा लपतो, जोडीदार परत शेजारी येतो."

माझी दुसरी चूक त्याहून गमतीची. ज्याच्या पोटावर केशरी झाक होती त्याला मी नर समजत होतो. गप्पी माशांत नर रंगीत, म्हणून इथंही तसंच. या जातीत उलटं, केशरी पोट मादीचं. नर अंगानं मोठा होत जातो, पाठीच्या पंखाचं टोक लांबतं, वय झालं की कपाळ पुढं येतं. म्हणजे दोन महिने मी 'नर दादागिरी करतोय' म्हणून बादलीत टाकत होतो ती बाईच होती.

कोपऱ्यातले दोघं तुम्ही त्याच दिवशी पिशवीत घालून घरी नेलेत. दोन फुटी टाकीत जोडी जमली की बाकीच्यांना जागा उरत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला ते क्रूर वाटलं होतं. खरं तर ते दोघं त्यामुळंच वाचले.

जाताना बजावलंत, घाई करू नका. दीड-पावणेदोन इंचाची झाली की मादी अंडी घालू शकते, पण थोडी वाढू दे. हीटर सत्तावीसवर, आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून. आणि एक फुटकी कुंडी आडवी टाका. मी माठाचं खापर टाकलं. जानेवारीत मादी ते तोंडानं घासायला लागली, अगदी भांडी घासावीत तसं. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही बॅटरी लावून पोटाखाली बघायला सांगितलंत. अंडी घालायची आखूड, बोथट नळी दिसत होती. नराची बारीक नि टोकदार. "एक-दोन दिवसांत," म्हणालात. दुसऱ्या दिवशी दुपारी खापराच्या आतल्या बाजूला अंडी चिकटलेली.

दोन दिवसांनी सगळी गायब. दोघांनीच खाल्ली. मी इतका चिडलो की टाकी विकायची जाहिरात स्टेटसला ठेवली. तुमचा फोन आला, "पहिलटकरीण आहे हो ती. दोन-तीन वेळा असं होणारच. तुम्ही सारखं वाकून बघत होता ना?" बघत होतो. मग टाकीच्या दोन बाजूंना जुन्या प्रश्नपत्रिकांचे कागद चिकटवले, निदान रस्त्यावरच्या गाड्या दिसू नयेत म्हणून.

फेब्रुवारीतली अंडी टिकली. तिसऱ्या दिवशी फुटली. वाळूतल्या खड्ड्यात पिल्लांचा पुंजका नुसता थरथरत होता, पोहणं पाचेक दिवसांनी. मध्येच आई त्यांना तोंडात भरून दुसऱ्या खड्ड्यात नेऊन थुंकायची. मला वाटलं, परत खातेय! या वेळी जाळीला हात लावला नाही, एवढं मात्र लिहून ठेवा.

आता पिल्लं शंभराच्या वर आहेत नि फुकट घ्यायलाही कोणी तयार नाही. शेजारी म्हणाला, आयर्विन पुलाखाली सोडून दे, कृष्णामाई सांभाळेल. तुम्ही तेव्हा चिलापी माशाची गोष्ट सांगितलीत. मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली आपल्याकडं आणलेली, हीही सिक्लिड कुळातलीच. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं वाचतात, आणि एकदा पाण्यात शिरली की बाहेर काढता येत नाही. बाजारात वाट्यावर मिळते ती चिलापी माझ्या झेब्र्यांची लांबची नातलग, हे मला कुठं ठाऊक! पिल्लं नदीत सोडलेली नाहीत. खापर काढून घेतलंय, पुढची अंडी सध्या नकोत.

कोपऱ्यातले ते दोघं तुमच्याकडंच राहू देत, शेपट्या भरून आल्या म्हणालात ना. आणि मार्चमध्ये येऊन गेलात तेव्हा झेरॉक्सचे चार रुपये काउंटरवर गुपचूप ठेवून गेलात. ते टाकीच्या झाकणावर तसेच आहेत. येऊन घेऊन जा, चहा इथंच होईल.

तुमचा,
झेरॉक्सवाला