जुने प्रोजेक्टर भंगारात जाऊ देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्कल, विजयानंद, दामोदर, हेमलता अशी नावं घेत नाशिकच्या जुन्या थिएटरांच्या आठवणी निघाल्या की ‘रीळ तुटलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या’ हे वाक्य हमखास येतं. खरं तर शिट्ट्या पडत तेव्हा बहुतेक वेळा रीळ तुटलेलं नसेच.

चित्र मंद, पिवळट झालं तर दोष कार्बनचा. प्रोजेक्टरच्या दिव्यात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीचा उजेड असे. कांड्या जळत जात तसं त्यांच्यातलं अंतर वाढे. ते वेळेवर कमी केलं नाही तर उजेड उतरे, शेवटी विझे. चित्र उड्या मारायला लागलं तर लूप गेला. फिल्म वरून सलग येते, पण गेटमध्ये, म्हणजे तिच्यावर उजेड पडतो त्या खिडकीत, सेकंदाला 24 वेळा थांबत सरकते. हा फरक सोसायला गेटच्या वर आणि खाली फिल्मची सैल कमान, म्हणजेच लूप, ठेवावी लागते. कडेची भोकं फाटली की ती कमान आक्रसते. उलट खालची कमान फार सैल सोडली तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, कारण आवाजाची पट्टी चित्राच्या 20 फ्रेम पुढे छापलेली असते. फिल्म गेटमध्ये अडकून पडद्यावर तपकिरी फोड यायचा, तेव्हा मात्र कापणं आलंच. टोकाचं इमल्शन (चित्राचा थर) खरवडायचं, फिल्म सिमेंट नावाचा चिकट द्रव लावायचा, दाबून धरायचं. दर जोडात काही फ्रेम जात. गावोगाव फिरलेल्या प्रिंटमध्ये गाणं मध्येच उडी मारे ते यामुळे. लोक मालकाला शिव्या घालत. (कधी कधी त्या रास्तही असत.)

मिनिटाला 90 फूट या हिशेबाने अडीच तासांचा चित्रपट साडेतेरा हजार फूट भरतो. 2000 फुटांचं रीळ 22 मिनिटांत संपतं, म्हणून मशिनं दोन. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्याची मोटर सुरू करायची, सुमारे सात सेकंदांनी पुन्हा ठिपका आला की बदल.

हे सगळं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे एक प्रोजेक्टर, बाजूला काच लावून, रोज दहा मिनिटं चालवून दाखवावा. कार्बनला धुराडं लागतं, त्यामुळे दिवा एलईडीचा चालेल. दाते, लूप आणि गेट तेवढे मूळचे हवेत. सुटे भाग आणि ते जुळवणारे हात अजून मिळतात, तोवर हे व्हावं.

कुणाच्या माळ्यावर रिळांचे डबे असतील तर आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे फिल्म कुजू लागली; ते रीळ इतरांपासून लगेच वेगळं, थंड आणि कोरड्या जागी ठेवावं. पत्र्याखालचा माळा त्यासाठी सर्वांत वाईट.

आपले,
काही जुने प्रोजेक्टर ऑपरेटर, नाशिक