रविवारची बैठक : कपिला हिंगोरानी यांचे काम आणि कच्चे कैदी

सर्व सदस्यांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी अकराला नेहमीच्या जागी बैठक आहे, हे पुन्हा कळवत आहे. या वेळी विषय अ‍ॅड. पुष्पा कपिला हिंगोरानी.

जानेवारी १९७९मध्ये पोलीस अधिकारी राहिलेले के. एफ. रुस्तमजी यांचे बिहारमधल्या तुरुंगांवरचे लेख वर्तमानपत्रात आले. शिक्षा झाली असती तर जेवढा काळ भोगावी लागली असती, त्याहून जास्त काळ माणसे खटल्याची वाट पाहत आत होती. लेख अनेकांनी वाचले असतील; हिंगोरानी थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तोच हुसैनारा खातून खटला. जलद खटला हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातून ठरले. पुढे रुदुल साह यांच्यासाठीही त्याच उभ्या राहिल्या. १९६८मध्ये निर्दोष सुटलेला हा माणूस १९८२मध्ये बाहेर आला! १९८३मध्ये न्यायालयाने बिहार सरकारला त्यांना भरपाई द्यायला लावली. माझ्या मते या निकालावर जास्त वेळ द्यायला हवा.

येताना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ४७९ वाचून या. आधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर (हजर राहण्याच्या लेखी हमीवर) सोडायचे असते. इतरांसाठी ही मर्यादा कमाल शिक्षेच्या निम्मी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले यांना ती सवलत नाही. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांची आहे, हे कैद्यांच्या नातेवाइकांना आवर्जून सांगा.

कोणत्याही कैद्याचे नाव किंवा कागदपत्रांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.