पिष्टाच्या वेष्टनाची परीक्षा गोव्याच्या पावसाळ्यात व्हावी

मा. संपादक महोदय,

खाद्यपदार्थांच्या प्लास्टिक वेष्टनाला पर्याय म्हणून वनस्पतींच्या तंतूंनी बळकट केलेल्या, कुजणाऱ्या पिष्ट-वेष्टनाची (पिष्ट म्हणजे स्टार्च) चर्चा होते, तेव्हा आपल्या गोव्याच्या दमट हवेचा विचार मात्र क्वचितच केला जातो. फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत असे आणि निवृत्तीपूर्वीची दोन वर्षे विद्यार्थ्यांसह अशी वेष्टने करून पाहिली, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

आदल्या उन्हाळ्यात साठवलेल्या फणसाच्या आठळ्या वाटून आम्ही त्यांचे पिष्ट काढले, त्यात पाणी आणि पिष्टाच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ग्लिसरीन घालून मंद आचेवर खळ शिजवली आणि ती काचेवर पातळ पसरून सुकवली. ग्लिसरीन कमी पडले की पापुद्रा पापडासारखा मोडे, जास्त झाले की बोटांना चिकटे. जानेवारीत केलेला पापुद्रा उत्तम उतरला होता, पण जुलैत त्यात बांधून ठेवलेले, गुळाच्या पाकात घोळवलेले खाजे दुसऱ्याच दिवशी सादळले आणि वेष्टन गुळाला असे चिकटले की सोलून काढावे लागले.

पिष्ट पाणी ओढून घेते, हे यामागचे कारण आहे. त्यावर तंतूंचा इलाज खरोखर उपयोगी पडतो, कारण पिष्ट आणि तंतूंचा मुख्य घटक असलेले सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्यांची बनलेली असल्याने त्यांची पकड चांगली बसते, ताण सोसण्याची ताकद वाढते आणि बाष्पाची वाटही काही प्रमाणात अडते. आम्ही नारळाच्या सोडणाचा काथ्या आणि केळीच्या खांबाच्या सोपांचे (थरांचे) तंतू असे दोन्ही वापरून पाहिले. काथ्यात लिग्निन, म्हणजे तंतूंना ताठरपणा देणारा घटक, फार असल्याने तो कॉस्टिक सोड्यात शिजवावा लागतो आणि ते पाणी आम्ल घालून उदासीन केल्याशिवाय ओतता येत नाही. पातळ वेष्टनासाठी मला केळीचे तंतूच योग्य वाटतात, काथ्या जाड तबकांसाठी राखावा. घड उतरवल्यावर केळीचे खांब बागायतीत कुजत पडतात, आठळ्याही बऱ्याच वाया जातात, म्हणजे कच्च्या मालासाठी कुणाच्या ताटातील अन्न काढून घ्यावे लागणार नाही.

दुसरी बाब फसवणुकीची आहे. कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्यांना प्लास्टिक पिशव्यांसाठीची किमान 120 मायक्रॉन (0.12 मिलिमीटर) जाडीची अट लागू नाही, मात्र त्यांनी आयएस 17088 हे भारतीय मानक पाळणे आणि उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेणे बंधनकारक आहे. ‘विघटनशील’ एवढेच छापलेली, मानकाचा उल्लेख नसलेली एक पिशवी मी परसातील खतकुंडीत वर्षभर पुरून ठेवली होती. तिचे तुकडे झाले, माती झाली नाही. अशा पिशव्यांमुळे खऱ्या पिष्ट-वेष्टनावरचाही ग्राहकांचा विश्वास उडतो.

जुन्या गोव्यातील एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि गोवा विद्यापीठ यांनी एकत्र येऊन आठळ्यांचे पिष्ट व केळीचे तंतू यांच्या वेष्टनाची जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, खाजे, सुके खोबरे आणि काजूगर यांच्यावर चाचणी घ्यावी आणि राज्य सरकारने तिचा खर्च उचलावा, अशी माझी विनंती आहे. सुकी मासळी आणि लोणची यांचा विचार नंतर करता येईल, कारण मीठ आणि तेल यांच्यापुढे हे वेष्टन किती टिकते हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा