छाट

निपाणी,
रविवार, दुपार

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं निम्मं बोलणं हायवेवरच्या ट्रका खातात, म्हणून लिहायलाच बसले. सातवीनंतर एवढं लांब काही लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नकोस.

तुमच्या त्या नीतीच्या विषयाचा प्रोजेक्ट तुला माझ्यावर करायचा आहे म्हणालीस. विडी कामगार बाई आणि कंपनीची जबाबदारी. कर की. पण मग अर्धीच गोष्ट लिहू नकोस.

तुझ्या सरांना आधी छाट काय ते सांग. रात्री तेंदूचं पान भिजवायचं, सकाळी मापाचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं, सुपात तंबाखू घेऊन वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. हे तुला माहीत आहे, तू मांडीला टेकून अभ्यास केलास. पुढचं तू पाहिलेलं नाहीस, कारण तुला मी विड्या द्यायला कंत्राटदाराकडे कधी नेलं नाही. टोपली पुढ्यात ठेवली की विड्या तपासणारा चेकर कट्टा उचलतो, अंगठ्यानं दाबतो आणि बाजूला टाकतो. बोलणं दुसऱ्याशीच चालू असतं. ती छाट. तिचे पैसे नाहीत आणि विडीही परत नाही. मी सोळा-सतरा वर्षांची असताना एकदा म्हणाले, विडी वाईट आहे ना, मग द्या माझी मला, उसवून पुन्हा वळते. तो हसला. पुढचे चार दिवस मला भोकाभोकाचं पान मिळालं. पान मोजून मिळतं, हजाराला पुरलं नाही तर बाजारातून आपल्या पैशानं आणायचं. पुन्हा काही बोलले नाही.

तू परवा वाचून दाखवलंस की १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याखालच्या नियमांत छाट शेकडा पाचाच्या वर साधारणपणे काढू नये असं होतं, आणि शब्दसुद्धा 'छाट' असाच छापलेला आहे. ते ऐकून मी जरा वेळ गप्पच झाले. आमचा शब्द सरकारी कागदात जाऊन बसलाय आणि आम्हांला पत्ता नाही! शेकडा पाच म्हणजे हजारात पन्नास, दोन कट्टे. आमच्याकडे चार तर नेहमीचे. सणाच्या तोंडावर सहा.

म्हणून तुझ्या त्या अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञ फ्रीडमनवर मला तुझ्याएवढा राग येत नाही. १९७० साली त्यानं लिहिलं की धंद्याची जबाबदारी एकच, नफा वाढवणं. पण नियमात राहून, फसवाफसवी न करता, हीही अट त्यानं घातली होती, हे तूच सांगितलंस. अगं, तेवढं जरी आमच्या दारात आलं असतं तरी दोन कट्ट्यांवर हात थांबला असता. तुम्ही वर्गात त्याच्या पुढं काय ते बोलता. आम्ही अजून त्याच्यापर्यंतच पोचलो नाही.

तुझी आजी तंबाखूच्या वखारीत होती. १९८० च्या सुमाराला इथल्या वखारीतल्या बायका संघटित झाल्या त्यात तीही होती, मी कडेवर. पुढच्याच वर्षी तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी हायवेवर बसले आणि गोळीबार झाला. ते आंदोलन सगळ्यांना तोंडपाठ आहे. बायकांचं कोण सांगतं? आजी खोकून खोकून गेली. जन्मात विडी ओढली नव्हती तिनं. आता पाकिटावर आजाराचं चित्र असतं, ओढणाऱ्यानं बघावं म्हणून. सुपावर कुठं चित्र असतं?

आणि हेही लिही, कुणी विचारलं नाही तरी. तुझी शाळेतली स्कॉलरशिप विडी कामगारांच्या कल्याण निधीतली, आणि तो निधी तेव्हा विडीवरच्या करातून, सेसातून, भरायचा. म्हणजे जास्त विड्या खपल्या की तुझ्या वह्यांना बरं. फॉर्म कन्नडात होता, तो शेजारच्या अक्कांनी भरून दिला, चहासुद्धा न घेता. तिकडे सीमाप्रश्नावर भाषणं चालली होती आणि इकडे ती बाई माझ्या नावाची स्पेलिंग तीनदा विचारत होती.

कंपनी कायद्याचं कलम १३५ तू समजावलंस ते मला नीट कळलं. नफा पाच कोटी किंवा वर गेला की तीन वर्षांच्या सरासरीच्या दोन टक्के समाजासाठी खर्चायचे. आमचा मालक त्या मापात बसतो की नाही कोण जाणे, पण डोळ्यांचं शिबिर त्यानंही घेतलं होतं. फोटोत मी आहे, मोफतच्या चष्म्यात. चष्मा चांगला होता, खोटं कशाला बोलू, तोच लावून हे लिहितेय. पण प्रोजेक्टमध्ये एवढं विचार की नफा मोजायच्या आधी छाट कुठल्या वहीत लिहिली होती. कुठल्याच नाही. कंपनी कंत्राटदाराला तंबाखू देते आणि चांगल्या विड्या मोजून घेते. मधलं ती बघत नाही, तिला बघायचंच नसतं. कंत्राटदाराला कमिशन एवढं टिचभर की छाटेवाचून त्याचं भागत नाही. दोघांनाही विचार, दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवतील.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. तू अकरावी-बारावीला असताना मी दीड वर्ष कंत्राटदाराकडेच आत कामाला होते, कट्टे मोजायला. क्लासच्या फीसाठी, तुला वाटलं पगार वाढला. पहिल्या आठवड्यातच कंत्राटदारानं सांगितलं, अमुक एवढी छाट रोज निघालीच पाहिजे. छाट जाळतात असं आम्हांला सांगत आले होते. मी मागच्या खोलीत गेले तर तीच छाट पुन्हा कट्ट्यात बांधायला घेतलेली.

आणि मी काढली छाट. खालच्या गल्लीतली ती एकटी बाई तुला आठवत असेल, तुला बोरं द्यायची ती. तिचा हात आमच्या सगळ्यांत चांगला, विडी कशी सुईसारखी. तिच्या टोपलीतले पाच कट्टे मी बाजूला टाकले, कारण त्या दिवशी आकडा भरत नव्हता आणि ती भांडणारी नव्हती. अंगठ्यानं दाबलंसुद्धा, तो दाबायचा तसं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि रिकामी टोपली उचलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा माझ्याच रांगेला. तिला वाटत असेल, ओळखीची आहे.

गरज होती हे खरं आहे. चेकरलाही असेल, त्याला दोन पोरी होत्या.

तर माझी गोष्ट लिहिणार असशील तर हे पान त्यात पाहिजे. माझं नाव घातलंस तरी चालेल, तिचं घालू नकोस. आणि तिला न विचारता लिहायचं नाही, म्हणून काल मीच जाऊन विचारून आले. पाच कट्ट्यांचंही बोलले. ती विसरली नव्हती. सूप खाली न ठेवता सगळं ऐकून घेतलं, दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, "लिहू दे की. पर ते लिवायचं तुझ्या पोरीला हजारी किती मिळतं?"

तुझी,
आई